भिंतीलगत वाहताना: कोझुमेलचे ड्रिफ्ट डाइव्ह, हवेचा हिशोब आणि हुकाचा प्रश्न

पाणकोंबडी
मेक्सिकोतल्या कोझुमेलला सांता रोसा आणि पालांकार या प्रवाळभिंतींवर ड्रिफ्ट डाइव्ह (प्रवाहाबरोबर वाहत जायचं डाइव्हिंग) करायचा बेत आहे. आतापर्यंतचे चाळीसेक डाइव्ह आपल्याकडच्या नेत्राणी, ग्रांद बेट आणि हॅवलॉकचे. म्हणजे बोट नांगरलेली, दोरी धरून खाली, दोरी धरून वर. कोझुमेलला बोट नांगर टाकतच नाही, आपल्या बुडबुड्यांमागून येते म्हणे.

प्रश्न तीन. प्रवाहात गटापासून न सुटता कसं राहायचं? हवा किती शिल्लक ठेवून भिंत सोडायची? आणि रीफ हुक (प्रवाळखडकात अडकवून प्रवाहात थांबायचा आकडा) विकत घ्यावा का? दुकानदार म्हणतो हवाच, इंटरनेट म्हणतं अजिबात नको. जाणकारांनी लिहावं.

खडूस_काका
पॉपकॉर्न घेऊन बसतो. हुकावरून इथे रक्तपात होणार.

काळा_खडक
आधी भूगोल, कारण निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

कोझुमेल बेट आणि युकातानचा किनारा यांच्यामध्ये सुमारे १८ किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी आहे. तिच्यातून पाणी बहुतेक वर्षभर दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतं. चांगल्या भिंती बेटाच्या नैर्ऋत्य आणि पश्चिम अंगाला. म्हणून प्रवाहाबरोबर जाताना भिंत उजव्या खांद्याला आणि डावीकडे नुसता निळा समुद्र. वाहता वाहता भिंत डाव्या हाताला आली तर प्रवाह उलटलाय असं समजा. क्वचित होतं, पण होतं. बोटवाल्याला वर ते कळलेलं नसेल, तेव्हा डीएमच्या (डाइव्हमास्टर, गटाचा वाटाड्या) लक्षात आणून द्या.

वेग: नेहमीचा अर्धा ते दीड नॉट, कधी त्याहून जास्त. एक नॉट म्हणजे मिनिटाला ३१ मीटर. चाळीस मिनिटांत सव्वा किलोमीटर. पूर्ण सामानानिशी एक नॉटच्या विरुद्ध चांगला डाइव्हरसुद्धा काही मिनिटंच पोहू शकतो, आणि तेवढ्यात त्याची हवा दुप्पट-तिप्पट जाते. त्यामुळे 'मागे राहिलेल्यासाठी थांबतो' हा प्रकार पायांनी होत नाही.

मग कशाने होतो? भिंतीपासूनच्या अंतराने. खडकाशी घासून जाणारं पाणी हळू असतं, चार मीटर बाहेरचं जोरात. डीएमच्या पुढे निघालात तर भिंतीकडे सरका, मागे पडलात तर एक-दोन मीटर बाहेर या. एखाद्या मोठ्या प्रवाळबुंध्याच्या आडोशाला पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, तिथे काहीही न धरता अर्धा मिनिट निवांत तरंगता येतं. गट फुटतो तो नेमका इथेच: एकजण भिंतीला चिकटून टॉर्च मारत बसतो, दुसरा पाच मीटर बाहेर कासव बघत निघून जातो, आणि दोघांनाही वाटतं की आपण पोहलोच नाही. बडीच्या (जोडीदाराच्या) खोलीवर आणि बडीच्याच अंतरावर राहा, बाकी पाणी बघून घेईल.

खडूस_काका
म्हणजे विरार फास्ट. आत शिरलं की चालावं लागत नाही, फक्त आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते बघायचं.

शंखनाद
वेग कमी करायचा तर अंग उभं करायचं, पाण्याला अडथळा होतो आणि ब्रेक लागतो. हे कुणी लिहिलं नाही.

काळा_खडक
@शंखनाद, लिहिलं नाही कारण ते चूक आहे. ब्रेक लागायला काहीतरी स्थिर लागतं. तुम्ही पाण्यातच वाहताय; आडवे व्हा, उभे व्हा, पालथे व्हा, वेग पाण्याचाच. उभं राहून फिन मारले की मात्र तुम्ही वर चढता आणि बहुधा जास्त वेगाच्या थरात जाता. अंग आडवं ठेवायचं ते वेगासाठी नाही. वळायला, सरकायला एकच फ्रॉग किक (बेडकासारखी लाथ) पुरते आणि फिन प्रवाळाला लागत नाहीत म्हणून.

हिशोबनीस
दुसरा प्रश्न माझ्याकडे द्या.

तिथे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियम ८० टाकी मिळते: पाण्याची क्षमता ११.१ लिटर, २०० बार दाबाला साधारण २,२२० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर ओढणारा डाइव्हर धरा. २५ मीटरवर दाब ३.५ बार, म्हणजे मिनिटाला ७० लिटर. ५० बार राखीव ठेवले तर १५० बार म्हणजे १,६६५ लिटर वापरायला, ÷ ७० = जेमतेम २४ मिनिटं. तोच डाइव्हर १८ मीटरवर राहिला तर ५६ लिटर, सुमारे ३० मिनिटं. सांता रोसाचा माथा पंधरा मीटरच्या आसपास आहे. उतरताना खोल, मग हळूहळू माथ्याकडे, अशी उतरंड ठेवली तर अर्ध्या तासाच्या आसपास डाइव्ह होतो. २५ वर चिकटून राहिलात तर नाही.

उलटा_भोवरा
५० बार राखून भिंत सोडायची?? ५० बार बोटीवर चढताना असायला हवेत. २५ मीटरवर बडीचा रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं यंत्र) बिघडला तर त्या ५० बारमध्ये दोघं वर येऊन दाखवा.

हिशोबनीस
@उलटा_भोवरा, मान्य. तेच आकडे मांडतो.

दोघं घाबरलेले, प्रत्येकी ३० म्हणजे मिळून ६० लिटर प्रतिमिनिट. २५ मीटरवर एक मिनिट गोंधळात: ६० × ३.५ = २१० लिटर. २५ वरून ५ मीटरवर मिनिटाला ९ मीटर वेगाने, सव्वादोन मिनिटं, सरासरी दाब २.५ बार: सुमारे ३३० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं (सेफ्टी स्टॉप): २७० लिटर. शेवटचे पाच मीटर सावकाश: ७५ लिटर. बेरीज ८८५, भागिले ११.१ = ८० बार.

म्हणजे २५ मीटर खोली सोडण्याचा आकडा ८०. भिंतीवरचा वेळ २४ वरून १९ मिनिटांवर येतो. नांगरलेल्या बोटीच्या डाइव्हला आपण 'इतक्या बारला परत फिरायचं' म्हणतो. इथे परत फिरणं नसतंच, त्यामुळे 'इतक्या बारला वर सरकायचं' हा एकच आकडा. डीएमला १०० आणि ८० ला खूण करायची हे उतरण्यापूर्वीच ठरवा, कारण तिथे बरेचदा हवा संपत आलेली जोडी आधी वर जाते आणि बाकीचे पुढे वाहतात.

निळी_भूल
नायट्रॉक्सबद्दल (जादा ऑक्सिजनची हवा) एक ओळ. ३२ टक्के ऑक्सिजनला १.४ बार ऑक्सिजनदाबाच्या मर्यादेने कमाल खोली ३३ मीटर. भिंतीला तळ नसतो, खाली शेकडो मीटर पाणी. नकळत ३८ वर गेलात तर तुम्हाला अडवणारं काही नाही. डाइव्ह कॉम्प्युटरवर खोलीची घंटा लावा. आणि पुंता सूरच्या 'डेव्हिल्स थ्रोट' या बोगद्यातून बाहेर पडताना सुमारे ४० मीटर होतात, तिथे ३२ टक्के नेऊ नका.

तारकर्लीकर
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण इतके नॉट-बिट चालले आहेत तर आपलं गणितही सांगतो. कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. डाइव्ह भांगात ठेवा. कालनिर्णय घेऊन मेक्सिकोला जा.

पाणकोंबडी
कॅरी-ऑनमध्ये चालतं का कालनिर्णय? :)

माले_मेल
@तारकर्लीकर, कोझुमेलला तुमचं पंचांग निरुपयोगी आहे. तिथे भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा आणि प्रवाह महासागरी. उधाण असो वा भांग, पाणी उत्तरेलाच.

पण मालदीवला मात्र तिथी खरंच कामाची. तिथे वेळ माले बंदराच्या तक्त्यातूनच काढायची, पाऊणपट तिथे लागू नाही. उधाण-भांग मात्र तेच. तिथल्या कंदूंमध्ये, म्हणजे दोन रीफमधल्या वाटांमध्ये, पाणी कंकणद्वीपाच्या (मधे सरोवर असलेल्या प्रवाळकड्याच्या) आत-बाहेर करतं आणि त्यावर पावसाळी वाऱ्यांचा प्रवाह चढतो. आत येणाऱ्या पाण्यात बाहेरच्या कोपऱ्यावर उतरायचं: पाणी स्वच्छ, आणि वाहत गेलात तरी सरोवरातच जाता. बाहेर जाणाऱ्या पाण्यात तोच कोपरा ओंगळ. दृश्यता कमी, कडेवरून पाणी खाली कोसळतं आणि वाहून जाल ते थेट हिंदी महासागरात. शिवाय तिथे ३० मीटरची मर्यादा आणि प्रत्येकाकडे स्वतःचा बॉय (आपली जागा बोटीला दाखवणारा फुगा) सक्तीचा.

तारकर्लीकर
बघा, मालदीवपुरतं तरी पंचांग जिंकलं.

उलटा_भोवरा
खाली कोसळणाऱ्या पाण्याचा विषय निघालाच आहे, तर तो नीट होऊ दे. ड्रिफ्टमध्ये जिवावर बेततं ते यात.

होतं कुठे: भिंतीच्या कोपऱ्यावर, दोन बुंध्यांमधल्या खिंडीत, आणि रीफच्या माथ्यावरून आलेलं पाणी कडेवरून सांडतं तिथे. ओळखायचं कसं: बुडबुडे वर जाण्याऐवजी भोवती घोटाळतात किंवा खाली जातात, कडेवरून वाळूची धार पडताना दिसते, मासे डोकं वर करून पोहत असतात, आणि न उतरता कानावर दाब येतो. पुढे गेलेल्या डाइव्हरचे बुडबुडे वाकडे जाताना दिसले तर तिथे जाऊच नका. तुम्हाला वीस सेकंद आधी मिळालेली सूचना आहे ती.

सापडलात तर उभं वर पोहू नका. भिंतीपासून तिरकं बाहेर, निळ्याकडे. असं पाणी बहुधा भिंतीला चिकटलेला अरुंद पट्टा असतो.

शंखनाद
निळ्याकडे? तिथे गेलात की संदर्भच नाही, खोली किती चाललीय तेही कळत नाही. भिंत जवळ असेल तर मेलेला खडक धरून हातावर हात टाकत वर चढा.

काळा_खडक
दोघंही अर्धे बरोबर. खडक एक मीटरवर आहे आणि ओढ नुकती सुरू झाली आहे, तर धरा, श्वास आवरा, चढा; जिवापुढे प्रवाळाचा नियम मागे. खडक चार मीटरवर आहे तर त्याच्याकडे पोहणं म्हणजे ओढीच्या गाभ्याकडे पोहणं, तेव्हा बाहेर. दोन्हीकडे एकच पथ्य: बडीला धरा, कॉम्प्युटर डोळ्यांसमोर ठेवा. फिनने खोली आवरत नसेल तरच बीसीडीत (तरंगण्याच्या जाकिटात) हवा भरा, आणि भरलीत की हवा सोडण्याच्या झडपेवर हाताचं बोट तयार ठेवा. ओढ अचानक संपते, आणि मग तीच हवा तुम्हाला बाटलीच्या बुचासारखी वर फेकते. खाली जाण्यातून वाचलेला माणूस वर येताना फुफ्फुस फाडून घेतो तो असा.

वजनं फेकणं हा शेवटचा उपाय, कारण ती परत घेता येत नाहीत.

कोझुमेलच्या मधल्या भिंतींवर हे सहसा सौम्य असतं. उत्तरेचा बाराकुडा आणि दक्षिण टोकाचा माराकाइबो हे वेगळं प्रकरण. चाळीस डाइव्हवर तिकडे हट्ट धरू नका.

मॅक्रोमावशी
फोटोवाल्यांसाठी. विषय समोर दिसल्यावर वळायला उशीर झालेला असतो. पाच-सहा मीटर आधी प्रवाहाकडे तोंड करा, आडोसा निवडा, जाता जाता दोन फोटो घ्या आणि सोडून द्या. स्पंजला कोपर टेकवून 'एकच फोटो' हा गुन्हा आहे. सागरपंखे प्रवाहाला आडवे वाढतात, म्हणजे त्यांच्याकडे बघून नेहमीचा प्रवाह कुठल्या रेषेत ते पाण्यात पडल्या पडल्या समजतं. बेटाचा प्रसिद्ध स्प्लेंडिड टोडफिश भिंतीवर शोधू नका. तो उथळ रीफवर कपारीखाली बसतो. पट्टेदार डोकं आणि दाढी तेवढी बाहेर.

स्ट्रोबचे (कॅमेऱ्याच्या फ्लॅशचे) हात ताणून ठेवू नका, लटकणारा गेजही आवळा. आधीच मृत होत चाललेल्या रीफवर आपली भर नको. २०१८ पासून तिथल्या कठीण प्रवाळांना ऊती गळून पडण्याचा रोग लागला आहे, आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पालांकार, कोलंबिया काही काळ बंद ठेवले होते.

निळी_भूल
@मॅक्रोमावशी, 'मृत होत चाललेल्या' सरसकट नको. मेंदूप्रवाळ आणि खांबप्रवाळ फार गेले हे खरं, पण भिंतीवरचे स्पंज अजून डोळे दिपवतात. बाकी +१.

दोरीवाला
बॉयबद्दल कुणी बोलतच नाहीये. तिथे डीएम एक बॉय सोडतो, पण गट फुटला की तो तुमच्या उपयोगाचा नाही. स्वतःचा हवा: उंची किमान १.२ मीटर, केशरी, तळाला एकमार्गी झडप, आणि ३० मीटरचा साधा बोटात धरायचा स्पूल (दोरीचं रीळ). दांड्याचं फिरवायचं रील नको. घाईत अडकतो.

सोडायची खोली सुरुवातीला आठ-दहा मीटर. वर बघा, बोट आणि बडी दोन्ही वर नाहीत ना. दोरीचं टोक बॉयला अडकवलेलं आहे ते तसंच ठेवा, स्पूल बंद ठेवणारी कडी मात्र सोडून खिशात. स्पूल स्वतःच्या बीसीडीला कधीच अडकवायचा नाही. अडकला तर हात सोडता आला पाहिजे. बॉय समोर, हाताच्या अंतरावर, तोंड खाली. दीर्घ श्वास घेतलात की तुम्ही अर्धा मीटर वर जाणार, ते गृहीत धरून आधी किंचित जड व्हा. एकच फुंकर किंवा ऑक्टोपसची (जादा रेग्युलेटरची) एक पिचकारी. दहा मीटरवर भरलेली हवा वर दुप्पट होते, त्यामुळे पूर्ण फुगवायची गरज नाही. स्पूलच्या भोकात बोट सैल, सोडा.

बिघडतं कुठे: दोरी सैल सोडली की मास्कच्या पट्ट्यात किंवा ऑक्टोपसभोवती गुंतते. आणि बॉय वर गेल्यावर दोरी ताणलेली नसेल तर तो आडवा पडतो, बोटीवरून दिसत नाही. स्पूलवर हलका भार ठेवा म्हणजे उभा राहील. तीच दोरी सेफ्टी स्टॉपचा संदर्भ, कारण खाली माथा सरून गेलेला असतो आणि भोवती नुसतं पाणी.

हिशोबनीस
@दोरीवाला, त्याला जोडून वजनाचं. दीडशे बार हवा वापरलीत की टाकी सुमारे दोन किलो हलकी. सुरुवातीला बरोबर वाटणारं वजन शेवटी पाच मीटरवर कमी पडतं आणि स्टॉप धरता येत नाही. मग लोक बॉयलाच लटकतात आणि त्याला खाली ओढतात. ५० बार उरलेले, बीसीडी रिकामी, पाच मीटरवर स्थिर: वजन या अवस्थेत ठरवायचं. ३ मिमीचा सूट धरून पहिल्या डाइव्हला एक किलो जास्त घ्या, दुसऱ्याला काढा.

खडूस_काका
हुक राहिला. पॉपकॉर्न संपत आले.

माले_मेल
घ्या हुक. हा मुळात पलाऊचा प्रकार. तिथल्या ब्लू कॉर्नरला प्रवाह रीफच्या माथ्यावर चढतो, शार्क बाहेर घिरट्या घालतात, आणि तुम्हाला *एका जागी थांबून* बघायचं असतं. मेलेल्या खडकात बोथट हुक, एक-दीड मीटर दोरी, बीसीडीच्या खालच्या मधल्या कडीला. किंचित हवा भरली की पतंगासारखे तरंगता, काही टेकत नाही. सोडताना आधी ती हवा काढायची, मग हुक. उलट केलंत तर वर उडाल.

भिंतीलगत वाहताना थांबायचंच नसतं, मग हुक कशाला?

काळा_खडक
आणि कोझुमेलच्या भिंती १९९६ पासून राष्ट्रीय सागरी उद्यानात आहेत. प्रवाळाला हात लावायला बंदी, हातमोजे आणि सुरी न्यायला बंदी. जिथे मोजे चालत नाहीत तिथे लोखंडी हुक घेऊन कोण उभं करणार आहे तुम्हाला? @पाणकोंबडी, हुकाचे पैसे बॉय, स्पूल आणि शिट्टीत घाला.

शंखनाद
पलाऊला गेलात तर मग घ्यावा लागेल ना. एकदाच खर्च.

माले_मेल
पलाऊला गेलात तर तिथे मिळतो.

उलटा_भोवरा
बोटीवर चढण्याचं राहून जाईल म्हणून लिहितो. वर आल्यावर बोट आणि तुम्ही एकाच वेगाने वाहता असं वाटतं, पण बोटीला वाराही ढकलतो. म्हणून मागे सोडलेली दोरी हातात येईपर्यंत फिन काढू नका, रेग्युलेटर तोंडातून काढू नका. इंजिन न्यूट्रलमध्ये गेल्याची खूण मिळाल्यावरच शिडी. चढणाऱ्याच्या खाली थांबू नका. टाकीसह माणूस पडला तर तो तुमच्या डोक्यावर. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटतो, तो उत्तरेला जाणाऱ्या प्रवाहाच्या समोरून येतो आणि लाटा उभ्या होतात. वारा वाढला की बंदर छोट्या बोटींना बंद करतात. डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर एक-दोन दिवस मोकळे ठेवा.

पाणकोंबडी
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. हुक रद्द. ८० बार लिहून घेतले. एकच शंका: बॉय सोडण्याचा सराव नेत्राणीला करता येईल का? तिथे प्रवाह फारसा नसतो.

दोरीवाला
प्रवाह नसतो म्हणूनच तिथे करा. आधी कोरड्यावर दहा वेळा डोळे मिटून, मग पाच मीटरवर नांगराच्या दोरीपासून लांब, बडी समोर. पाच वेळा खोलीत अर्ध्या मीटरहून जास्त फरक न पडता जमला, तर कोझुमेलला जमेल. बोटवाल्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो बॉय बघून न्यायला येईल.